बाथ सॉल्टला पाणी सुटते, त्याचा दगड होतो : कारण शोधण्याचा क्रम

घरी केलेले बाथ सॉल्ट बरणीत भरताना मोकळे आणि दाणेदार असते, पण काही आठवड्यांनी तीच बरणी उघडल्यावर आत एकसंध ढेकूळ निघते किंवा तळाशी पाणी साचलेले दिसते. सांगली-सातारा भागात ही तक्रार वर्षातून दोन वेळा हमखास येते. पहिली वेळ पावसाळ्याची आणि दुसरी एप्रिल-मे महिन्यांतली. दोन्ही वेळी बरणी दिसते सारखीच, मात्र बिघाडाची कारणे एकमेकांच्या अगदी उलट असतात, आणि ती न ओळखता एकच उपाय केल्यामुळे तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी उटण्याबरोबर बाथ सॉल्ट करणाऱ्या बचत गटांतील मैत्रिणींच्या बरण्या दुरुस्त करताना तपासणीचा जो क्रम उपयोगी पडत आला, तो येथे मांडते आहे. मिश्रण नेहमीचेच गृहीत धरले आहे : एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जाडे किंवा खडे मीठ, थोडा खायचा सोडा, सुगंधी तेल आणि आवडीप्रमाणे हळद किंवा वाळवलेल्या पाकळ्या.

लक्षणे

बरणी हलवण्यापूर्वी ती उजेडात धरून नीट पाहावी, कारण एकदा चमचा घालून मीठ फोडले की निम्मी माहिती हातातून जाते.

फक्त वरचा थर कडक झाला असेल आणि खाली मीठ मोकळे असेल, तर ओल झाकणाच्या बाजूने आली आहे. तळाशी पाणी किंवा तेलकट ओघळ असेल आणि वरचे मीठ ओलसर असेल, तर मिश्रणातील एखादा घटक हवेतील ओल ओढून घेतो आहे किंवा बनवतानाच ओला पदार्थ आत गेला आहे. सगळ्या बरणीचा एकच कोरडा, टणक गोळा झाला असेल, तर मीठ मध्यंतरी ओले होऊन पुन्हा वाळले आहे. काचेसारखे स्वच्छ खडे पांढुरके, पिठाळ झाले असतील, तर एप्सम मिठाने स्वतःचे पाणी सोडले आहे. झाकण फुगले असेल किंवा उघडताना फस्स असा आवाज आला, तर आत वायू तयार होतो आहे, आणि ही गोष्ट केवळ गुठळ्या होण्यापेक्षा गंभीर आहे.

हळद घातलेल्या मिठाकडे मी सर्वांत आधी रंग पाहते. हळद आणि खायचा सोडा एकत्र कोरडे असतील तोवर पिवळा रंग टिकतो. ओल लागली की सोड्याच्या अल्कधर्मी गुणामुळे पिवळ्यावर तांबूस झाक येते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेव्हा रंग पालटतो तो याच गुणामुळे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आपल्या भागातील गट ती आवर्जून वापरतात, त्यामुळे बरणीच्या ज्या भागात तांबूस पट्टा दिसतो तेथूनच ओल शिरली आहे, हे हळद न विचारता सांगते.

पाणी कोठून आले, हाच खरा प्रश्न

मिठाच्या गुठळ्या होण्याची प्रक्रिया साधी आहे. खड्यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो, त्यात थोडे मीठ विरघळते, आणि दिवसाच्या उष्णतेने ते पाणी उडाले की विरघळलेले मीठ दोन खड्यांच्या मध्ये पुन्हा स्फटिक होऊन विटांच्या सांध्यातील सिमेंटप्रमाणे त्यांना जोडून टाकते. रात्री ओल आणि दिवसा ऊब असे काही वेळा झाले की ढेकूळ तयार होते. त्यासाठी फार पाणी लागत नाही. ५०० ग्रॅम मिठात ५ ग्रॅम पाणी, म्हणजे एक टक्का ओल, एवढी पुरेशी असते.

हे पाणी तीनच ठिकाणांहून येऊ शकते : बाहेरच्या हवेतून, मिश्रणात घातलेल्या एखाद्या घटकातून, किंवा एप्सम मिठाच्या स्फटिकाच्या आतून. तिसरी शक्यता बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एप्सम मिठाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू स्फटिकात बांधलेले असतात आणि वजनाने पाहिले तर हे पाणी सुमारे ५१ टक्के भरते. म्हणजे हाताला अगदी कोरड्या लागणाऱ्या एक किलो एप्सम मिठात अर्धा किलोहून थोडे अधिक पाणीच असते. ते बांधलेले आहे तोवर काही बिघडत नाही, पण सुटले की सीलबंद बरणीतही मीठ ओले होते. पुढील सर्व तपासण्या या तीन स्रोतांपैकी एकेक वगळत जाण्यासाठी आहेत, आणि फुकट होणाऱ्या तपासण्या आधी ठेवल्या आहेत.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

प्रथम बरणीची जागा पाहावी. बाथ सॉल्ट न्हाणीघरात ठेवणे स्वाभाविक वाटते, परंतु गरम पाण्याच्या वाफेने भरलेली ती छोटी खोली घरातील सर्वांत दमट जागा असते. आठवड्याला लागेल एवढेच मीठ लहान डबीत काढून न्हाणीत ठेवावे आणि मुख्य बरणी आतल्या खोलीतील कपाटात ठेवावी. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळावे, कारण पावसाळ्यात ती भिंत गार राहते आणि बरणीच्या आत त्या बाजूला दव जमते. याच वेळी चमचा कोण आणि कसा वापरते हेही पाहावे. ओल्या हाताने किंवा ओल्या चमच्याने मीठ काढणे हे वरचा थर कडक होण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

दुसरी गोष्ट झाकणाची. कोरडी बरणी रिकामी करून तिच्यात टिश्यू पेपरचा तुकडा ठेवावा, झाकण घट्ट लावावे आणि ती पाण्याच्या बादलीत उलटी करून काही मिनिटे दाबून धरावी. कागद ओला झाला किंवा बुडबुडे निघाले तर झाकण हवाबंद नाही, मग बरणी कितीही सुंदर दिसो. बुचाची झाकणे, कापडाच्या पोटल्या, कागदी पिशव्या आणि पातळ प्लॅस्टिकच्या पुड्या ओल अडवू शकत नाहीत. चिनी मातीची लोणच्याची बरणी उत्तम दिसते, पण तिच्या झाकणातून हवा खेळते. रबरी कडीचे काचेचे झाकण किंवा आत मऊ चकती असलेले फिरकीचे प्लॅस्टिक झाकण चांगले. पत्र्याचे झाकण मिठाने गंजते आणि पितळी किंवा तांब्याच्या डब्यावर हिरवट थर चढतो, म्हणून ते वापरू नयेत.

बरण्या धुऊन भरल्या असतील तर झाकणाच्या आट्यांमध्ये पाणी राहिले होते का, हे आठवून पाहावे. बरणी वरून कोरडी दिसते आणि आट्यांत थेंब अडकलेले असतात. धुतल्यानंतर बरणी आणि झाकण वेगवेगळे, पालथे, पूर्ण एक दिवस वाळवल्याशिवाय भरू नये.

कृतीची उलटतपासणी

यानंतर कृती कागदावर लिहून काढावी आणि प्रत्येक घटकापुढे तो ओला आहे की कोरडा हे नोंदवावे. येथे बरेचदा उत्तर सापडते, कारण कृती सांगताना लोक मुख्य घटक सांगतात आणि शेवटी शिंपडलेल्या गोष्टी गाळतात. गुलाबजल म्हणजे पाणी. खाण्याचा द्रवरूप रंग बहुधा पाण्यातच असतो. ताज्या कोरफडीचा गर, लिंबाचा रस आणि मध यांच्यातील पाणी मिठाला थेट मिळते, आणि ग्लिसरीन तर हवेतील ओलही ओढून आणते. यांपैकी काहीही साठवणीच्या मिठात घालू नये; हवे असल्यास वापरण्याच्या वेळी बादलीत किंवा पाय शेकण्याच्या टबात वेगळे घालावे.

पाकळ्यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. देशी गुलाबाची पाकळी वरून कुरकुरीत लागते, परंतु तिच्या देठाकडच्या जाड भागात ओल राहिलेली असते. पाकळी बोटांत चुरगाळल्यावर तिची पूड झाली पाहिजे. ती वाकली किंवा चामट लागली तर ती वाळलेली नाही. पावसाळ्यात सावलीत वाळवलेल्या पाकळ्या बहुधा या कसोटीला उतरत नाहीत. संत्र्याच्या सालीची पूड, नागरमोथा, वाळा, आवळकाठी यांनाही हाच नियम लावावा. मिठाच्या सान्निध्यात पाकळीतील उरलेले पाणी मिठाकडे येते, मीठ पाकळीभोवती ओले होते आणि पाकळी तपकिरी पडते. असे तपकिरी ठिपके ओल्या गोलांच्या मधोमध दिसले तर पुढच्या तपासण्यांकडे जाण्याची गरजच नाही.

सुगंधी तेल मिठात विरघळत नाही, ते फक्त खड्यांना लागून राहते. प्रमाण वाढले की ते तळाशी उतरते आणि पाणी सुटल्याचा भास होतो. तळाचा ओघळ टिपकागदावर घेऊन कागद दुसऱ्या दिवशी पाहावा : पाण्याचा डाग वाळल्यावर मिठाची पांढरी कड सोडतो, तर अंगाला लावायच्या जड तेलाचा डाग पारदर्शक राहतो. सुगंधी तेल मात्र स्वतः उडून जाऊ शकते, तेव्हा त्याची ओळख वासावरून करावी. ५०० ग्रॅम मिठाला अडीच ग्रॅम सुगंधी तेल, म्हणजे अर्धा टक्का, एवढे माझ्या मते पुरेसे आहे. जास्त घातल्याने मीठही बिघडते, फरशीही निसरडी होते आणि संवेदनशील त्वचेला त्रास होण्याची शक्यता वाढते.

वाट्यांची चाचणी

घटक कोरडे असूनही बिघाड राहिला, तर कोणता घटक हवेतून ओल ओढतो हे शोधावे. प्रत्येक घटकाचा एक सपाट चमचा वेगवेगळ्या कोरड्या वाटीत पसरून ठेवावा, प्रत्येक वाटीला चिठ्ठी लावावी आणि सर्व वाट्या एकाच ताटात रात्रभर उघड्या ठेवाव्यात. सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी प्रत्येक वाटी तिरकी करून पाहावी. मी ही चाचणी कोणालाही टाळू देत नाही, कारण तिला खर्च नाही आणि तिचे उत्तर डोळ्यांना दिसते.

बहुतेक वेळा दोषी ठरते ते खडे मीठ, एप्सम मीठ नव्हे, आणि याचे अनेकांना आश्चर्य वाटते. शुद्ध खाण्याचे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर विरघळू लागते. एप्सम मिठासाठी ही मर्यादा नव्वदीच्या जवळ आहे. परंतु समुद्राच्या न धुतलेल्या खड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि त्याची मर्यादा अवघी ३३ टक्के आहे. जुलैतील साताऱ्याची रात्र तर सोडाच, हिवाळ्यातील पुष्कळ सकाळीही हवा याहून दमट असते. शिवाय दोन क्षार एकत्र मिसळले की मिश्रण त्यांच्यापैकी कोणत्याही एकट्या क्षारापेक्षा कमी आर्द्रतेत ओल धरू लागते. म्हणून कृतीत चार प्रकारची मिठे असणे हे टिकाऊपणाच्या दृष्टीने वैगुण्य आहे.

महाबळेश्वर, कोयनानगर किंवा शिराळ्याच्या डोंगराळ भागात जी कृती हमखास फसते, ती माण, खटाव, आटपाडी किंवा जतमध्ये पावसाळ्यातही चालून जाते, याचे कारण हाताच्या गुणात नसून हवेत आहे. दुसऱ्या तालुक्यातील मैत्रिणीची कृती जशीच्या तशी उचलण्यापूर्वी वाट्यांची चाचणी आपल्याच घरात करावी.

खडे मीठ दोषी ठरले तर दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे ते बदलून शुद्ध केलेले बारीक मीठ किंवा कोरडे सैंधव घेणे. खड्यांचे रूप हवेच असेल, तर मीठ धुऊन घ्यावे, मात्र साध्या पाण्याने नव्हे. स्वच्छ पाण्यात आणखी मीठ विरघळेनासे होईपर्यंत मीठ घालून संपृक्त द्रावण करावे, खडे त्यात झटपट खळबळून रोळीत निथळावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. संपृक्त द्रावणात खडे विरघळत नाहीत, पण त्यांच्या पृष्ठभागावरचे मॅग्नेशियम क्लोराइड धुऊन निघते. मिठागरात मिठाच्या राशी निथळत ठेवतात त्यामागचे कारणही हेच आहे.

भाजणे : काय भाजावे, काय कदापि भाजू नये

ओले मीठ वाळवण्यासाठी कढईत परतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. शुद्ध खाण्याचे मीठ, जाडे मीठ किंवा सैंधव स्टीलच्या जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर परतण्यास हरकत नाही. खड्यांच्या पोटात अडकलेले पाणी तापून ते तडतडतात, म्हणून चेहरा दूर ठेवावा आणि वर जाळी धरावी. भाजल्यावर मीठ झाकून पूर्ण गार करावे. कोमट मीठ बरणीत भरले तर आत दव जमते. एक मर्यादा लक्षात ठेवावी, की भाजल्याने आजची ओल जाते, मॅग्नेशियम क्लोराइड जात नाही, त्यामुळे न धुतलेले खडे मीठ भाजून ठेवले तरी ते पुन्हा ओल धरते.

एप्सम मीठ मात्र कढईत, ओव्हनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये. सुमारे ४८ अंश सेल्सिअसच्या वर त्याच्या सात रेणू पाण्यापैकी एक रेणू सुटू लागतो आणि आणखी तापवल्यास उरलेलेही सुटत जातात. भांड्यात मीठ आधी ओले होते, मग पांढऱ्या पिठासारखे होते, आणि करणाऱ्याला वाटते की आता ते खरोखर वाळले. हे पीठ पाण्यासाठी भुकेलेले असते. बरणीत भरल्यावर ते इतर घटकांतून आणि हवेतून पाणी परत घेते, त्याचे पुन्हा स्फटिक होतात आणि शेजारचे खडे धरून सगळ्याचा टणक गोळा बनतो. जे ढेकूळ लाटण्यानेही फुटत नाही, त्याच्या मागे बहुधा तापवलेले एप्सम मीठ असते. ते वरून ओलसर वाटत असेल तर परातीत पातळ पसरून पंख्याखाली, कोरड्या हवेच्या दुपारी, घरातच वाळवावे.

उन्हाळ्यातील बिघाड

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. पत्र्याच्या छपराखालचा माळा, बंद मोटारीची डिकी, उन्हात उभ्या टेम्पोतील खोकी यांच्या आत ते त्याहून बरेच वर चढते. सीलबंद बरणी अशा जागी दुपारभर राहिली तर एप्सम मीठ आपले पाणी सोडते, ते पाणी झाकणामुळे बाहेर जाऊ शकत नाही, मीठ त्यात अंशतः विरघळते आणि रात्री गार झाल्यावर सर्वांचा एक खडा होतो. येथे झाकण जितके उत्तम तितका बिघाड पक्का. झाकण सैल असेल तर तेच पाणी उडून जाते आणि खडे पांढुरके, पिठाळ होतात. कोरड्या हवेच्या तालुक्यांत केवळ हवेच्या कोरडेपणानेही हे होते.

उपाय म्हणून साधा तापमापक त्या जागी दुपारी तीनच्या सुमारास ठेवून पाहावा. ४५ अंश दिसले तरी जागा बदलावी, ४८ची वाट पाहू नये. फरशीलगतचा खालचा कप्पा माळ्यापेक्षा केव्हाही गार असतो.

वजनाची चाचणी

येथपर्यंत कारण सापडले नसेल तर एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि अंदाजाचे काम संपवतो. मोकळ्या, कोरड्या मिठाने भरलेली बरणी झाकणासह पुसून तोलावी आणि वजन चिकटपट्टीवर लिहून तिच्या अंगालाच लावावे. पंधरा दिवसांनी, बरणी न उघडता, पुन्हा तोलावी.

वजन दोन-तीन ग्रॅमने किंवा अधिक वाढले असेल, तर पाणी बाहेरून आले. झाकण आणि जागा यांच्याकडे परत जावे. वजन तेवढेच आहे पण मीठ ओले किंवा घट्ट झाले असेल, तर पाणी आतलेच आहे. घटक आणि उष्णता यांच्याकडे पाहावे. वजन घटले असेल आणि खडे पांढुरके दिसत असतील, तर स्फटिकातील पाणी झाकणातून निसटते आहे. पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील बिघाड वेगळा करण्याची याहून खात्रीची पद्धत घरी उपलब्ध नाही.

सोडा, लिंबूसत्व आणि फुगणारी बरणी

फेस यावा म्हणून काही जण खायच्या सोड्याबरोबर लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड घालतात. ही दोन्ही कोरडी असतील तोवर शांत राहतात, पण थोड्याशा ओलीने त्यांच्यात प्रक्रिया सुरू होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याच प्रक्रियेत पाणीही तयार होते, ते पाणी पुढची प्रक्रिया चालवते, आणि म्हणून एकदा सुरू झालेला हा बिघाड आपोआप थांबत नाही. त्यात एप्सम मीठ असेल तर पाण्याचा मोठा साठा शेजारीच बसलेला असतो. काचेच्या घट्ट बरणीत दाब वाढून ती फुटण्याचा धोका आहे. माझा स्पष्ट सल्ला असा, की एप्सम मिठाच्या मिश्रणात लिंबूसत्व घालूच नये. फेस हवाच असेल तर सोडा आणि लिंबूसत्व वेगवेगळ्या पुड्यांत द्यावे आणि वापरताना एकत्र करावे.

लिंबूसत्वाशिवाय केवळ सोडा असला तरी तो बारीक असल्याने खड्यांमधल्या फटी भरतो आणि ढेकूळ अधिक घट्ट करतो. शिवाय ओल मिळाल्यास सोडा आणि एप्सम मीठ यांच्यापासून पाण्यात सहज न विरघळणारे मॅग्नेशियमचे कार्बोनेट तयार होऊ शकते. टबाच्या तळाशी पांढरा गाळ राहतो तो बहुधा याचा असतो. पावसाळ्यात मी सोडा पूर्ण वगळते.

शेवटचे, खर्चिक उपाय

एप्सम मीठ कोठून आणले हेही एकदा तपासावे. तासगाव, मिरज, पलूस या द्राक्षपट्ट्यात मॅग्नेशियम सल्फेट कृषी सेवा केंद्रात स्वस्त मिळते आणि ते वापरण्याचा मोह होतो. तो माल पिकासाठी तपासलेला असतो, त्वचेसाठी नव्हे, आणि त्यातील अशुद्धी ओलही धरू शकते. औषधी किंवा सौंदर्यप्रसाधनाच्या प्रतीचे मीठ महाग पडले तरी तेच घ्यावे.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण त्या झाकणातून झिरपणारी किरकोळ ओलच टिपतात. न धुतलेल्या खड्या मिठापुढे किंवा गळक्या झाकणापुढे त्या टिकत नाहीत. अतिकोरड्या हवेत एप्सम मीठ स्वतःचे पाणी सोडते, म्हणून ५०० ग्रॅमला एक छोटी पुडी पुरे, आणि ती फाटून मिठात मिसळणार नाही अशी झाकणाच्या आत चिकटवावी. मक्याचे पीठ किंवा मुलतानी माती घालून गुठळ्या रोखण्याचा उपाय मला पटत नाही. पिठावर बुरशी येते आणि पाणी गढूळ होते.

मोठ्या प्रमाणावर काम असेल तर आर्द्रतामापक घेऊन ज्या दिवशी खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांखाली असेल त्याच दिवशी मिश्रण करून भरावे. दिवाळीचा माल सप्टेंबरच्या पावसात भरण्याऐवजी ऑक्टोबरमधील उन्हाच्या दिवसांपर्यंत थांबणे हा यावरचा बिनखर्चिक पर्याय आहे. थांबणे शक्यच नसेल तर वातानुकूलित खोली लागते, कारण तेथे हवेतील ओल कमी होते.

बिघडलेल्या मालाचे काय करावे

केवळ मीठ, एप्सम मीठ आणि थोडे सुगंधी तेल असलेले ढेकूळ खराब झालेले नसते. जाड कापडात गुंडाळून लाकडी लाटण्याने फोडावे आणि पाय शेकायला वापरावे. पाण्यात ते पूर्वीसारखेच विरघळते. पाकळ्या, साली किंवा हळद असलेल्या मिठावर काळे-हिरवे ठिपके, कुबट किंवा खवट वास असेल तर ते टाकून द्यावे. मिठाचे पाणी कुंड्यांत किंवा परसात ओतू नये, त्याने झाडे जळतात. फुगलेली बरणी कपड्यात गुंडाळून, चेहऱ्यापासून दूर, मोकळ्या जागी झाकण हळूहळू सैल करून उघडावी आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये. काचेला तडा दिसत असेल तर ती उघडण्याचा प्रयत्नच करू नये. हातही न लावता वरून जाड गोणपाट टाकावे आणि दाब उतरेपर्यंत त्या बाजूला कोणाला फिरकू देऊ नये. एप्सम मीठ खडीसाखरेसारखे दिसते आणि पोटात गेल्यास जुलाब होतात, म्हणून बरणीवर ठळक नाव असणे आवश्यक आहे.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वजनाची चाचणी ओल बाहेरून येते असे सांगते, झाकण निर्दोष आहे, आणि तरी कपाटातील इतर वस्तूही सादळतात किंवा भिंतीचा रंग फुगतो, तेव्हा प्रश्न मिठाचा राहिलेला नसतो. भिंतीत नळाची गळती किंवा छपराची ओल आहे; तेथे प्लंबरला किंवा ओलप्रतिबंधक काम करणाऱ्या जाणकाराला बोलवावे आणि बरण्यांवर खर्च करणे थांबवावे.

वापरल्यावर त्वचेला खाज, लाली किंवा पुरळ आल्यास घटक बदलून पुन्हा प्रयोग करू नयेत. वापर बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घटकांची पूर्ण यादी सोबत न्यावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या, पायाला जखम असलेल्या, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसू नये. बाथ सॉल्ट हे आरामासाठी आहे, ते कोणत्याही आजारावरचे औषध म्हणून देऊ नये.

विक्रीसाठी माल करायचा असेल तर घरगुती तपासणी पुरेशी नाही. अंगाला लावण्याच्या वस्तूंना सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू होतात आणि उत्पादनासाठी राज्याच्या परवाना प्राधिकरणाचा परवाना लागतो. त्याची माहिती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात घ्यावी. या टप्प्यावर मिश्रण ठरवण्यासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या रसायनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत द्यावा. नमुना देताना त्यात एप्सम मीठ आहे हे लेखी कळवावे आणि मोकळी ओल व स्फटिकातील पाणी वेगवेगळे मोजून मागावे, कारण नमुना १०५ अंशांवर तापवून वजनातील घट मोजण्याची नेहमीची पद्धत वापरली तर स्फटिकातील पाणीही ओल म्हणूनच धरले जाते आणि अगदी उत्तम, कोरडा मालही अहवालात ओला ठरतो.